पूर आणि वादळाची तयारी: आधी उंची मोजा, मग पिशवी भरा

पूर किंवा वादळाची तयारी म्हटलं की बहुतेक जण टॉर्च, मेणबत्त्या आणि सुक्या खाण्याच्या यादीपासून सुरुवात करतात. यादी लागतेच, ती पुढे येईल. पण पुरात माणसं दगावतात ती घरात टॉर्च नव्हता म्हणून क्वचितच. उशिरा निघाली, पाण्याखालच्या रस्त्याने निघाली किंवा जिथे थांबायला नको होतं तिथे थांबली, ही कारणं पुन्हापुन्हा दिसतात. म्हणून या लेखात सामानापेक्षा दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे: पाणी कुठवर चढेल, आणि आपण कधी निघायचं. दोन्हींची उत्तरं आभाळ निरभ्र असतानाच शोधून ठेवायची असतात.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पाण्यापासून वाचायचं तर उंच किंवा दूर जावं लागतं. वाऱ्यापासून वाचायचं तर घराच्या आत, खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब बसावं लागतं. चक्रीवादळात ही दोन्ही संकटं एकदम येतात आणि दोन्ही सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. समुद्राचं पाणी शिरेल अशा ठिकाणी घर असेल तर निवाडा पाण्याच्या बाजूने करायचा, म्हणजे वारा सुरू होण्याआधी घर सोडायचं. पाणी पोचणारच नाही इतक्या उंचावर पक्कं घर असेल तर सहसा घरातच थांबणं सुरक्षित. मात्र प्रशासनाने हलायला सांगितलं तर हलायचं.

पायरी १: पाण्याची उंची काढा

सुरुवात चौकशीने करा. याआधीचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता, हे परिसरातल्या जुन्या माणसांना विचारा. जुन्या भिंतींवर, देवळाच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबांवर खुणा सापडतात. नदीकाठी पातळी मोजायची पट्टी असेल तर ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ किती हे लिहून घ्या. स्थानिक प्रशासनाकडे पूररेषेचे नकाशे असतात, तेही पाहा. पण नकाशात घर रेषेबाहेर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नकाशे बहुधा नदीच्या पुराचे असतात, तुंबलेल्या नाल्याचे नसतात.

‘शंभर वर्षांचा पूर’ या नावामुळे तर फार घोटाळा होतो. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षं चिंता नाही, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तितक्या मोठ्या पुराची शक्यता दर वर्षी १ टक्का असते आणि कालच येऊन गेला तरी ती कमी होत नाही. एका घरात ३० वर्षं राहिलात तर या काळात तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

पाणी येण्याच्या तऱ्हाही पाहून ठेवा, कारण प्रत्येक तऱ्हेत हातात मिळणारा वेळ वेगळा असतो. मोठी नदी तास-दोन तास ते कित्येक दिवस आधी सूचना देते. वर धरण असेल तर विसर्गाची बातमी कळते. डोंगरातला ओढा मात्र अर्ध्या तासात रूप बदलतो, आणि तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही बदलू शकतो. शहरात गटारांच्या क्षमतेपेक्षा जास्त पाऊस पडला की नदी जवळ नसतानाही पाणी भरतं. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. शंभर चौरस मीटरच्या एका गच्चीवर एवढा पाऊस म्हणजे ९४ हजार लिटरहून जास्त पाणी. अशी हजारो छतं आणि सगळे डांबरी रस्ते एकाच वेळी एकाच नाल्याकडे पाणी लोटतात.

आता मोजमाप. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी लांब पारदर्शक नळी घ्या. ती पाण्याने भरा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. एक टोक पुराच्या जुन्या खुणेपाशी धरा आणि दुसरं टोक आपल्या दाराशी आणा. नळीच्या दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीत राहतं, त्यामुळे खुणेवरचं पाणी तुमच्या उंबरठ्याच्या किती वर किंवा खाली येईल ते सरळ दिसतं. खूण लांब असेल तर मध्ये खांबांवर खुणा करत टप्प्याटप्प्याने या. दोन माणसं आणि एक दुपार, एवढंच लागतं.

उंबरठा म्हणजे शून्य धरा आणि घरातल्या वस्तूंची उंची वहीत उतरवा. सगळ्यात खालचा प्लगपॉइंट, फ्रिजचा कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरची बॅटरी, कागदपत्रांच्या कपाटाचा खालचा कप्पा, वीजमीटर, पाण्याच्या पंपाची मोटर. ही यादी उंचीनुसार लावली की घरात पाणी शिरल्यावर काय कोणत्या क्रमाने बुडणार हे समोर येतं. तळाच्या ओळींतल्या बऱ्याच वस्तू आजच्या आज वर सरकवता येतात.

पायरी २: निघायची खूण ठरवा

‘पाणी वाढलं की निघू’ हा निर्णय नव्हे. वाढलं म्हणजे किती, कोणी पाहायचं, रात्र असेल तर काय, हे ठरलेलं नसतं आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल अशी खूण ठरवा आणि कागदावर लिहून दारामागे चिकटवा. उदाहरणार्थ: ‘पुलाच्या खांबावरची पांढरी रेघ बुडाली की निघायचं. अंधार पडायला दोन तास उरले असतील आणि पाणी त्या रेघेच्या एक फूट खाली असेल, तरीही निघायचं.’

खूण ठरवताना सगळे घराच्या उंबरठ्याकडे पाहतात. पाहायला हवं ते रस्त्याकडे. तुमचं घर उंचावर असलं तरी बाहेर जाणारा रस्ता कुठेतरी सखल असतो, एखादी मोरी किंवा रेल्वेपुलाखालचा बोगदा असतो. तो बुडाला की कोरड्या घरात अडकलात. म्हणून आधी वाटेवरची सगळ्यात खालची जागा शोधा आणि निघायची खूण तिच्यावरून ठरवा. दुसरी वाटही शोधून ठेवा, आणि ती एकदा पायी चालून पाहा.

वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर खोल पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार उचलून नेतं आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. कारण साधं आहे: गाडी जितकं पाणी बाजूला सारते तितक्या वजनाने ती हलकी होते, आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. टायरची पकड सुटली की बाकीचं काम प्रवाह करतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचून गेलाय, हे काठावरून दिसत नाही. पुढची गाडी गेली म्हणून आपणही जावं, हा मोह टाळा. गाडी पाण्यात बंद पडलीच तर इंजिन चालू करायच्या खटपटीत वेळ घालवू नका. पाणी दारांवर दाबायच्या आत खिडकी उतरवा आणि बाहेर पडा.

तळघर, बेसमेंटमधलं पार्किंग आणि तळमजल्यावरच्या झोपायच्या खोल्या यांना वेगळा, कडक नियम हवा. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात १३ जणांचा बळी घेतला. त्यांतले ११ जण तळघरातल्या घरांमध्ये होते. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत आर नदीला पूर आला. झिन्झिग गावातल्या दिव्यांगांच्या निवासात तळमजल्यावरचे १२ रहिवासी रात्री बुडाले. त्याच इमारतीला वरचा मजला होता. मुसळधार पावसाचा लाल इशारा असेल त्या रात्री तळघरात कोणी झोपायचं नाही आणि गाडी काढायला बेसमेंटमध्ये उतरायचं नाही. यात ‘पाच मिनिटांत येतो’ नाही.

पायरी ३: पाण्यासाठी घर तयार करा

पाणी दारातूनच येतं असं समजून लोक उंबरठ्यावर पोती रचतात आणि ते वर येतं संडासाच्या भांड्यातून, न्हाणीघराच्या जाळीतून. बाहेरचं गटार भरलं की त्याचा दाब घराच्या सांडपाण्याच्या नळांत उलटा येतो. मलवाहिनीवर एकाच दिशेला उघडणारी झडप प्लंबरकडून बसवून घ्या. ती दर पावसाळ्याआधी साफ करावी लागते, नाहीतर ऐन वेळी कचऱ्याने अडकून उघडी राहते. झडप नसेल तर जाड प्लास्टिक पिशवीत वाळू भरून ती संडासाच्या भांड्यात आणि जाळ्यांवर दाबून ठेवा.

पोती रचण्याचीही रीत आहे. पोतं गच्च भरू नका, अर्ध्याहून थोडं जास्त भरा. गच्च पोतं दगडासारखं कडक होतं आणि शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही. तोंड दुमडून पाणी जिकडून येतं त्या बाजूला करून दाबा, विटांसारखे सांधे चुकवत थर लावा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा. एकापेक्षा जास्त थर असतील तर तळ रुंद हवा, उंचीच्या तिप्पट. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्याची कड तळाच्या पोत्याखाली दाबा. एवढं करूनही थोडं पाणी झिरपणारच. ते उपसायची सोय आत हवी.

किती उंचीपर्यंत पाणी अडवायचं यालाही मर्यादा आहे. एक मीटर खोल साचलेलं पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो वजनाइतका जोर लावतं. खोली दुप्पट झाली की जोर चौपट होतो. बाहेर छातीभर पाणी आणि आत कोरडं, अशी स्थिती साध्या विटांच्या भिंतीला पेलत नाही. पाणी साधारण तीन फुटांच्या वर जाणार असं दिसलं तर ते आत येऊ द्यावं आणि आपण वर किंवा बाहेर जावं. फरशी धुता येते. भिंत आत कोसळली तर धुण्यासारखं काही उरत नाही.

जमिनीखालची पाण्याची टाकी रिकामी ठेवू नका. पाच हजार लिटरची रिकामी प्लास्टिक टाकी पाण्याने वेढली गेली की तिला खालून जवळपास पाच टनांचा रेटा बसतो. ती जमीन फोडून वर येते आणि पाईप तोडते. टाकी भरा, झाकण घट्ट करून त्यावर प्लास्टिक बांधा. गच्चीवरची टाकीही भरा, नाहीतर वारा ती लोळवत नेईल. त्या पाण्याचा पुढे उपयोग होतोच.

विजेबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते. मेन स्विच बंद केला की घर निर्जीव झालं असं आपण धरून चालतो, पण इन्व्हर्टर असेल तर तो लगेच त्याच तारांत वीज सोडतो. छतावर सौर पॅनल असतील तर उजेड असेपर्यंत तेही वीज बनवत राहतात. त्यामुळे क्रम असा: मेन बंद, इन्व्हर्टर बंद, सौर यंत्रणेचा स्विच बंद. कोणता स्विच कुठे आहे हे घरातल्या किमान दोन जणांना अंधारातही सापडलं पाहिजे; एकदा डोळे मिटून करून पाहा. हे सगळं पाणी प्लगपॉइंटपर्यंत पोचण्याआधी करायचं. पाण्यात उभं राहून कोणत्याही स्विचला हात लावायचा नाही. गॅस सिलिंडरचा नॉब बंद करून रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर भिंतीला बांधा. अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो आणि आपटत फिरतो.

पायरी ४: वाऱ्यासाठी घर तयार करा

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ४५ ते ५० किलोचा भार टाकतो; ताशी २०० किलोमीटरला तोच भार १९० किलोच्या आसपास जातो. छतावरून वाहताना तो पत्रा दाबत नाही, उचलतो. आणि हे उचलणं सगळ्यात जोरात होतं ते कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. म्हणून सगळ्या छताची दुरुस्ती परवडत नसेल तर तिथूनच सुरुवात करा: जादा हुक-बोल्ट, रुंद वायसर, गंजलेले नट बदलणं. वासे भिंतीला नुसते टेकलेले असतील तर लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या. पत्र्यावर दगड आणि टायर ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. साध्या वावटळीत ते ठीक आहे, पण मोठ्या वादळात तेच दगड खाली येतात.

खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्यात वेळ घालवू नका. काच फुटायची ती फुटतेच, उलट पट्टीमुळे मोठे धारदार तुकडे एकत्र उडतात. प्लायवूड आधीच मापाने कापून, भोकं पाडून, मागे ‘हॉल, डावी खिडकी’ असं लिहून ठेवा. वादळात एखादी खिडकी उघडी ठेवली की दाब सारखा होतो, हाही गैरसमज आहे. आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो आणि वरून उचलणाऱ्या वाऱ्याला मदत करतो. सगळी दारं-खिडक्या बंद, आतली दारंसुद्धा. रोलिंग शटर असेल तर त्याला आतून आडवा-उभा आधार द्या.

कुंड्या, सायकली, खुर्च्या, जाहिरातीचे फलक, सुटे पत्रे हे सगळं आत घ्या. घरावर झुकलेल्या आणि वाळलेल्या फांद्या मोसम सुरू होण्याआधी छाटा. सरसकट झाड तोडू नका, मुळं भुसभुशीत झालेली माती धरून ठेवतात.

वादळ चालू असताना बिनखिडकीच्या आतल्या खोलीत बसा. आणि मध्येच सगळं शांत झालं, आभाळ उघडलं, तरी बाहेर येऊ नका. चक्रीवादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल तर ही शांतता काही मिनिटांची असते, क्वचित तासभराची. मग वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो आणि पहिल्या फेरीत खिळखिळ्या झालेल्या भिंती व झाडं दुसऱ्या फेरीत पडतात.

विजांसाठी: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. ३० सेकंदांपेक्षा कमी भरले तर पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

पायरी ५: पिशवी

आता यादी. प्यायला आणि किमान वापराला माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं. घरातच थांबणार असाल तर एक-दोन आठवड्यांचं साठवलेलं बरं. न शिजवता खाता येईल असं अन्न. नेहमीची औषधं किमान आठवड्याची, सोबत औषधांच्या चिठ्ठीची प्रत. टॉर्च, बॅटरीवर चालणारा रेडिओ, पॉवर बँक, शिट्टी, बंद बूट, सुरी, प्रथमोपचार पेटी, लहान मुलांचं आणि पाळीच्या दिवसांचं सामान, चष्म्याचा जादा जोड. रोख रक्कम सुट्या नोटांत, कारण वीज गेली की कार्ड आणि मोबाईलवरून पैसे देणं बंद पडतं. कागदपत्रं दोन प्लास्टिक पिशव्यांत, त्यांचे फोटो मोबाईलबाहेरही कुठेतरी. चार-पाच फोन नंबर कागदावर लिहा. बंद पडलेल्या मोबाईलमधले नंबर कोणालाच पाठ नसतात.

पिशवी उचलून शंभर पायऱ्या चढून पाहा. जड वाटली तर कमी करा.

साठवलेलं पाणी संपलं तर मिळालेलं पाणी गाळून खळखळ उकळा, उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट. दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. उकळणं शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावरच्या प्रमाणात वापरा. बिनवासाचं, ५ ते ६ टक्क्यांचं घरगुती द्रवरूप ब्लीच असेल तर लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर थेंब दुप्पट. रसायन किंवा डिझेल मिसळलेलं पाणी मात्र उकळूनही पिण्याजोगं होत नाही.

पायरी ६: वस्तीची तयारी

एकट्याने केलेली तयारी दारापर्यंतच चालते. पुढचं सगळं शेजाऱ्यांवर अवलंबून असतं, कारण मोठ्या आपत्तीत पहिले काही तास बाहेरून मदत येत नाही.

पहिलं काम म्हणजे माणसांची यादी. कोणत्या घरात चालता न येणारं माणूस आहे, कोणाला ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागतं, कोण ऐकू येत नसल्याने भोंगा ऐकणार नाही, कोण गरोदर आहे, कोण भाड्याने नवीन राहायला आलंय आणि इथलं पाणी कसं येतं हे ज्याला माहीत नाही. प्रत्येक नावासमोर दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. दोन, कारण एक गावाला गेलेला असतो. ही नावं त्या शेजाऱ्यांना सांगितलेली असायला हवीत, नुसती कागदावर नकोत. उचलून न्यायचं असेल तर कशावरून, हेही ठरवा. भक्कम खुर्चीला दोन बांबू बांधले तरी चालतं, पण ती एकदा जिन्यातून उतरवून पाहा.

दुसरं काम इशाऱ्याचं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं उधाण नेदरलँड्सच्या बांधांवर चढलं आणि तिथे १,८३६ माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा निघाला होता. शनिवारची रात्र होती, आणि रेडिओचं प्रसारण रात्री बंद असे. आजचा मोबाईलही रात्री सायलेंटवर असतो, टॉवर पडला तर मुकाच होतो, आणि ग्रुपवर तोच इशारा दहा जुन्या व्हिडिओंखाली गाडला जातो. म्हणून निदान एक मार्ग विजेवर न चालणारा हवा: घंटा, हाताने फिरवायचा भोंगा, ढोल, दारोदार फिरणारी माणसं. कोणता आवाज म्हणजे ‘तयार राहा’ आणि कोणता म्हणजे ‘निघा’, हे लहान मुलांनाही माहीत असावं. इशारा पडताळून पुढे पाठवायचं काम ठरावीक दोघा-तिघांकडेच द्या.

हे काम किती फरक पाडतं त्याचा दाखला बांगलादेशात आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. त्यानंतर रेड क्रॉसच्या साथीने गावोगावच्या स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. ते सायकलवरून, भोंगा आणि लाल झेंडे घेऊन इशारा पोचवतात. आज त्यांची संख्या ७० हजारांच्या वर आहे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्रियांचा मुद्दा शोभेचा नाही. १९९१ च्या वादळात पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी जास्त मेल्या. कोणी घरच्या पुरुषाच्या परवानगीची वाट पाहत थांबल्या, आणि निवाऱ्यात आडोसा वा संडास नाही म्हणून कोणी गेल्याच नाहीत. ओडिशाचंही असंच आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार बळी गेले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आलं तेव्हा जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि बळींचा आकडा काही डझनांवर थांबला.

निवारा निवडताना इमारत मोठी आहे एवढं पुरत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या ताक्लोबान शहरात ‘हैयान’ वादळाने चढवलेलं समुद्राचं पाणी निवाऱ्यांतच शिरलं. नळीने लेव्हल काढायची ती निवाऱ्याचीही काढा. संडास किती, स्त्रियांसाठी वेगळी खोली आहे का, चाव्या कोणाकडे असतात, गुरं आणि कुत्री-मांजरं कुठे ठेवायची? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण जनावरं सोडून निघायला तयार नसलेली माणसं प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्यामागे बचाव करणारेही अडकतात. बांधलेलं जनावर दाव्यालाच बुडतं. नेता येत नसेल तर निदान सोडा.

निवाऱ्याचा किंवा दवाखान्याचा जनरेटर कुठे आहे ते पाहताना त्याचं इंधन कुठून येतं तेही पाहा. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधन वर चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाल्यावर माणसांनी जिन्यात रांग लावून हातोहात इंधन वर पोचवलं.

वस्तीच्या बाकीच्या कामांत नालेसफाई आघाडीवर. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो. उचलून नेईपर्यंत काम झालं असं समजू नका. वर्षातून एकदा रंगीत तालीम घ्या, आणि ती एकदा तरी संध्याकाळनंतर, दिवे बंद करून.

पायरी ७: इशारा आल्यावर

दोन दिवस आधी औषधं, इंधन, पाणी भरून घ्या, गाडी उंचावर नेऊन ठेवा, मोबाईल चार्ज करा, दूरच्या एका नातेवाइकाला ‘निरोप्या’ ठरवा. एक दिवस आधी प्लायवूड ठोका, सुट्या वस्तू आत घ्या, यादीतल्या अशक्त माणसांना हलवा. त्यांना शेवटच्या फेरीत नाही, पहिल्या फेरीत न्यायचं असतं. सहा तास उरले की फ्रिज सगळ्यात थंड करून बंद ठेवा: न उघडता तो सुमारे चार तास थंड राहतो, गच्च भरलेला डीप फ्रीझर ४८ तास. खूण बुडाली की वीज आणि गॅस बंद करून निघा. दारावर ‘चार जण, अमुक ठिकाणी गेलो’ असं लिहा. शोधणाऱ्यांचा वेळ वाचतो.

पायरी ८: पाणी ओसरल्यावर

घराकडे परतायची घाई सगळ्यांनाच असते, आणि पाणी ओसरल्यानंतरचे मृत्यूही थोडे नसतात. पडलेल्या तारा असतील त्या साचलेल्या पाण्यात पाय टाकू नका. वीजतंत्रज्ञाने तपासल्याशिवाय मेन सुरू करू नका. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. खाऱ्या पाण्यात बुडालेली विजेवरची गाडी किंवा स्कूटर घरापासून दूर उभी करा, तिची बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

काही हलवण्याआधी फोटो काढा: पाण्याची रेघ दिसेल असे, प्रत्येक खोलीचे, बिघडलेल्या यंत्रांच्या नंबरांसकट. विमा किंवा सरकारी मदत मागताना तेच कामी येतात. भिंती धुण्याआधी पाणी चढलं ती रेघ तारखेसह रंगाने पक्की करून ठेवा.

तळघर भरलेलं असेल तर एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून चिंब असते आणि तिचा दाब आतल्या पाण्यानेच तोलून धरलेला असतो. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढा आणि पातळी परत चढते का ते पाहा.

चिखल ओला असतानाच काढा, सुकला की दगड होतो. गमबूट आणि हातमोजे घाला; चिखलात साप, विंचू, काचा आणि उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असतो. पाण्यात वावरल्यानंतर काही दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा. पुराच्या पाण्याने भिजलेलं अन्न, झाकण फिरवून बंद केलेल्या बाटल्यांसकट, टाकून द्या. विहीर उपसून, क्लोरीन टाकून, पाण्याची तपासणी होईपर्यंत तिचं पाणी पिऊ नका.

बुरशी २४ ते ४८ तासांत धरते. गाद्या, उशा, भिजलेली प्लायवूडची कपाटं यांचा मोह सोडा. दारं-खिडक्या उघडून पंख्यांनी हवा खेळती ठेवा, मात्र वायरिंग तपासून झाल्यावरच. प्लास्टर उकरावंच लागणार असेल तर त्याच कामात प्लगपॉइंट पुराच्या रेघेच्या वर न्या, नंतर हेच काम दुप्पट खर्चाचं होतं. रंग लावायची घाई नको. विटांची भिंत आतून सुकायला कित्येक आठवडे जातात. ती सुकली का ते पाहायचं असेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलेलं दिसलं तर रंगाऱ्याला पुढच्या महिन्यात बोलवा.